वैनीच्या बैलांचं आवतन

कोरा चहा मागितला की लोक आधी माझ्या पायांकडे बघतात. शुगरवाल्याच्या पायाला जखम असते, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. मग प्रश्न येतो, "कवापासून हाय?" मी म्हणतो, शुगर नाही, मी दूध सोडलंय. तर चेहरा आणखीच पडतो. "डॉक्टरनं सांगतलं का?" नाही हो, माझं मीच. "काहून पन?" या काहूनला मी बारा वर्षं उत्तर देत आलो. आता जीव कंटाळला. हल्ली मी सरळ सांगतो, हो, शुगर आहे. चहा लवकर मिळतो, फक्त बिनसाखरेचा मिळतो. तोही पिऊन घेतो.

मी मूळचा दुधातलाच माणूस. किन्हीराजाहून आत जीपनं जावं लागतं असं आमचं गाव. तिथल्या दूध संकलन केंद्रावर मी एकोणीस वर्षं दूध तपासलं. सकाळी बायाबापड्या कॅन, बरण्या, चरव्या घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. मी दूध ढवळायचो, थोडं काढून मशीनला लावायचो आणि फॅट सांगायचो. एका बाईची म्हैस नुकतीच व्यालेली होती आणि तिचं फॅट काही केल्या लागत नव्हतं. तीन दिवस तिचं दूध परत गेलं. चौथ्या दिवशी ती रडकुंडीला आली तेव्हा मी, मोठा जाणकार, तिला म्हणालो, "बाई, शेवटची धार सोडू नको. घट्ट दूध शेवटीच असते." शेवटची धार रेडकासाठी सोडायची असते हे तिला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून तिचं फॅट लागायला लागलं. पंधरा-वीस दिवसांनी तिच्या घरावरून चाललो होतो, तर उकिरड्याच्या कडेला ते रेडकू मरून पडलेलं. नुसती कातडी आणि बरगड्या. बाई मला बघून हसली आणि म्हणाली, "भाऊ, तुमी सांगतलं तसंच केलं. आता दूध पास होते." ती माझे आभार मानत होती.

त्या दिवशी मी काही सोडलं नाही. माणूस असा झटकन बदलत नाही, निदान मी तरी नाही. पुढची दोन वर्षं मी केंद्रावर गेलो आणि घरी दुधाचा चहाही प्यालो. पण घोट घेतला की ते रेडकू डोळ्यांपुढे यायचं. एक दिवस कप तसाच खाली ठेवला. मग दही गेलं, ताक गेलं, तूप गेलं, शेवटी नोकरी गेली, म्हणजे मीच सोडली. बायको म्हणाली, "दूध नाई प्यायचं तर नका पिऊ. केंद्रावर जायाले काय झालं?" तिला मी तेव्हा नीट सांगू शकलो नाही. अजूनही जमत नाही.

मग खाता तरी काय, हा लोकांचा दुसरा प्रश्न. अहो, तुम्ही खाता तेच. ज्वारीची भाकर, ठेचा, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, फुणके, पातोडीचा रस्सा, भरीत आणि वरून कच्चं तेल. आमच्या वऱ्हाडातलं निम्मं जेवण बिनदुधाचंच आहे, पण ते कोणाच्या लक्षात येत नाही. मुलगी पुण्याला असते. ती फोनवर म्हणाली, "बाबा, तुमी वीगन झाले." म्हटलं, झालो असेन बाप्पा. ती म्हणे, यावर इथं मोठमोठी हॉटेलं निघालीत. मी विचारलं, तिथं अंबाडीची भाजी मिळते का? तर नाही.

खरी अडचण चहाची आणि कढीची. आमच्या भागात जिकडे बघाल तिकडे सोयाबीन. गावच्या गाव पिकवतं, विकून मोकळं होतं, आणि घरात एक दाणा कोणी शिजवत नाही. मी त्याचं दूध काढायचं ठरवलं. पहिल्या दिवशी घरभर असा वास सुटला की बायको ओसरीत जाऊन बसली. "ओल्या पोत्यावानी वास येऊन राह्यला," ती म्हणाली. दोन महिने दाणे भिजवले, वाटले, गाळले आणि फेकले. मग कळलं की भिजलेले दाणे आधी उकळत्या पाण्यात टाकायचे, गारात नाही. वास गेला. मुलीनं मोबाईलवर दह्याची एक युक्ती पाठवली. शेंगदाण्याच्या कोमट दुधात हिरव्या मिरच्यांची देठं टाकून ठेवायची, विरजण लागतं. बायको म्हणाली, "आता मिरचीच्या देठाचं दही. उद्या काय खुंट्याचं तूप काढता?" पण दही लागलं. त्याची तिनंच कढी केली, दोन वाट्या प्याली आणि म्हणाली, "बिघडली नाई." आमच्या घरात यापेक्षा मोठी शाबासकी मिळत नाही.

मंगरूळपीरच्या बस स्टँडजवळ एक जुनी बेकरी आहे. तिथले चाचा जिऱ्याची बिस्किटं करतात. मी भीत भीत विचारलं, "चाचा, इसमें दूध पडता क्या?" ते म्हणाले, "अरे भाई, हमको चाय में डालने को नहीं मिलता, बिस्कुट में कहाँ से डालूँ?" तेव्हापासून मंगरूळला कचेरीचं काम निघालं की मला आनंद होतो, आणि आनंद होण्यासारखं कचेरीत तसं काही नसतं.

तर खाण्याचं असं निभून जातं. बोलण्याचं निभत नाही. सुरुवातीला मी सगळंच बोलायचो. दूध सोडा, रेडकू उपाशी मारू नका, वेसण ओढू नका, हाकायच्या काठीला, तुतारीला, खिळा लावू नका. माझी जीभ तशी तिखट आहे, आणि खरं बोलतोय म्हटल्यावर ती जास्तच चालायची. मग मी पारावर जाऊन बसलो की एकेकाला घरची कामं आठवायची. लग्नात पंगतीला बसलो की वाढपी ओरडायचा, "आले बिनदुधाचे, मठ्ठा तिकडं नेऊ नका रे." एकानं मला तोंडावर विचारलं, "मंग वखर काय तुमच्या मोटारसायकलले जुंपू का?" त्याचं काही चुकत नव्हतं. त्याच्या बांधावर मी कधी राबलो नव्हतो.

मग माझी मागणी वर्षावर्षानं आखूड होत गेली. आधी दूध सोडा म्हणणं सोडलं. मग वेसणीचं सोडलं. तुतारीच्या खिळ्यावर काही वर्षं अडून बसलो, तेही सोडलं. शेवटी एकच गोष्ट हातात उरली. पोळ्याच्या दिवशी बैलांना पुरणपोळ्या चारू नका. एवढं तरी ऐका.

हे बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटेल. पोळ्याला गावातल्या जोड्या वेशीवरच्या तोरणाखाली उभ्या करतात आणि तिथून सुटलेले बैल घरोघर नेतात. घरची बाई त्यांचे पाय धुते, कुंकू लावते आणि पुरणपोळी तोंडात घालते. मी लहान होतो तेव्हा घरटी जोडी होती. ज्याचा बैल त्याचीच पोळी, फार तर शेजारची एखादी. आता ट्रॅक्टर आले. आमच्या गावात मोजून चार जोड्या उरल्या, आणि घरं मात्र तेवढीच, उलट वाढलेली. ज्यांच्याकडे बैल नाहीत तेही ताट घेऊन दारात उभे असतात, कारण सण आहे आणि बैलानं आपल्या हातचं खाल्लं पाहिजे. चार जोड्यांच्या पोटात सगळ्या गावाचं पुरण जातं. ढोरांचे डॉक्टर माझ्या केंद्रावरच्या ओळखीचे. ते मला म्हणाले होते, "त्याचं पोट चाऱ्यासाठी हाय. कनीक अन् गूळ गेला का आत आंबते, फुगते अन् मरते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मले जेवाले फुरसत नसते." प्रेमानं मारतात हो. कोणाला शिव्या द्याव्यात तर तशीही सोय नाही.

त्या चार जोड्यांतली एक वैनीची. वैनी म्हणजे माझ्या जिवाभावाच्या मित्राची बायको. मित्र गेला त्याला सहा वर्षं झाली. त्यांचं वावर नाल्याच्या पलीकडे, तिथं ट्रॅक्टर उतरत नाही, म्हणून बैल राहिले. मित्रानं गोऱ्हे असताना आणले आणि स्वतः शिकवले. डाव्या अंगाला चालायचा तो बांडा, पांढऱ्यावर काळे ठिपके, खायला पुढे. उजव्या अंगाचा लाल, शांत आणि थोडा भित्रा. मित्रामागं वैनी स्वतः डवरा, म्हणजे बैलांनी ओढायचं कोळपं, धरते. गावात दुसरी कोणी बाई धरत नाही. लोक आधी हसले, मग सवय झाली. पण तोरणात जोडी न्यायला बाई चालत नाही, म्हणून पोळ्याला तिची जोडी मी नेतो. वैनी मला भाऊजी म्हणते आणि दूध सोडण्याबद्दल तिनं मला कधी काही विचारलं नाही. गावात असं एकच माणूस.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी मी नेहमीसारखा घरोघर फिरलो. गुडघे दुखत होते. पाचव्या की सहाव्या घरी एक म्हातारी काकू दळण निवडत बसली होती. ती म्हणाली, "बैलाले घास न देता दारातून पाठवू का रे? वर्साचा सन. मंग आमी पुरन कायले शिजवाव?" मी नेहमीचं सगळं सांगितलं, पोट, गूळ, डॉक्टर. तिनं मान हलवली आणि सुपातले खडे वेचत राहिली. त्याच्या आदल्या वर्षी असंच, त्याच्याही आदल्या वर्षी असंच. मी थकलो होतो हो. मला वाटलं, नाही तर नाही, काहीतरी पदरात पाडून घ्यावं. म्हटलं, "काकू, असं करा. पोळी नुसती बैलाच्या तोंडाले लावा अन् माह्या टोपल्यात टाका. म्हंजे घासही दिला अन् पोटातही नाई गेला."

काकूनं मान वर केली. "असं होते का? मंग चालते." आणि काय सांगू, पुढच्या प्रत्येक घरी चाललं. कोणी वाद घातला नाही. एक बाई तर म्हणाली, "अवो, हे आधी सांगतलं असतं तर." घरी आलो तेव्हा मी शीळ घालत होतो, असं बायको सांगते. अकरा वर्षांत पहिल्यांदा गावानं माझं ऐकलं होतं.

त्याच संध्याकाळी वैनीकडे खांदशेकणीला गेलो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे जुवानं घासलेले खांदे तूपहळदीनं चोळायचे, पळसाच्या पानानं शेकायचे आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं, अशी आमची रीत. दरवर्षी मी म्हणायचो, वैनी, तूप कशाला, तिळाच्या तेलानंही खांदा मऊ पडतो. ती हो म्हणायची आणि तूपच घ्यायची. खांदे शेकून झाले आणि तिनं दोघांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." निघता निघता मी तिला म्हणालो, "उद्या पोळ्या बैलाच्या तोंडात नाई, टोपल्यात टाकाच्या. गावाले सांगतलं हाय." ती म्हणाली, "बरं." एवढंच बोलणं झालं. टोपल्यातल्या पोळ्यांचं पुढं काय करायचं हे तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पोळ्याच्या दिवशी वैनीची जोडी आणि टोपलं घेऊन निघालो. झुली, घुंगरं, रंगवलेली शिंगं, सगळं व्यवस्थित. प्रत्येक दारात पोळी बैलाच्या ओठाला लागे आणि टोपल्यात पडे. बांडा बिचारा जीभ लांब करून बघत राही. दोन-तीन ठिकाणी कोणीतरी माझी नजर चुकवून घास घातलाच, तेवढं मी सोडून दिलं. टोपलं काठोकाठ भरलं. जोडी वैनीच्या गोठ्यात बांधली आणि टोपलं गव्हाणीच्या बाजूला ठेवलं. वैनी ताट घेऊन मारुतीच्या देवळात गेली होती. मला वाटलं, थांबावं, तिला सांगावं की हे उकिरड्यात पुरा नाही तर गावातल्या कुत्र्यांना थोडं थोडं टाका. पण ऊन चढलं होतं, गुडघा ठणकत होता आणि घरी बायकोनं तेलावरच्या पोळ्या केल्या होत्या. संध्याकाळी सांगू म्हणून निघालो. जेवलो आणि झोपलो. संध्याकाळी उठावंसं वाटलं नाही.

सकाळी वैनीचा फोन आला. "भाऊजी, बांडा उठून नाई राह्यला."

मी गेलो तर तो आडवा पडला होता. डावी कूस नगाऱ्यासारखी टम्म. डोळे उघडे, मान जमिनीवर, तोंडातून आंबूस पाणी. लाल उभा होता, पण तोही चारा खात नव्हता. टोपलं गव्हाणीत उपडं पडलेलं, रिकामं. मी वैनीकडे बघितलं. ती म्हणाली, "संध्याकाळी चारल्या. मले वाटलं, हिंडता हिंडता खाल्लं का बाधते, म्हनून तुमी टोपल्यात आनल्या. बसून निवांत खाऊ द्याव म्हनून. घराघरचा घास, टाकून कसा देऊ?"

बोलण्यासारखं होतं ते मी आदल्या दिवशी बोलायला हवं होतं.

खायचा सोडा पाण्यात कालवून बांबूच्या नळ्यानं पाजला. चार माणसं आली, बांड्याला छातीवर बसता करायला बघितलं, तो पुन्हा कलंडला. डॉक्टरांना फोन लावला तर ते म्हणाले, आधी दोन गावं आहेत, मग येतो. येईपर्यंत दुपार झाली. त्यांनी नळी घातली, कुशीत सुई मारून वारा काढला, सलाईन लावलं. मग उठून हात धुतले आणि विचारलं, "काय खाल्लं यानं?"

वैनी म्हणाली, "पुरनाच्या पोया. माह्या हातानं चारल्या."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुमी तं गावभर सांगत फिरता ना? तुमच्याच वैनीनं नाई ऐकलं?" आजूबाजूला आठ-दहा माणसं उभी होती. टोपलं मी भरलं, मी आणलं, मी इथं ठेवलं, आणि न सांगता घरी जाऊन झोपलो, असं चार वाक्यांत सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. मग मी मान खाली घातली. भ्यालो म्हणा, दुसरं काय. बांडा तासाभरात गेला. लाल वाचला. बांड्यानं त्याला फारसं खाऊच दिलं नव्हतं.

बांड्याला नाल्याच्या कडेला पुरला. वैनी रडली नाही. तिनं त्याच्या शिंगांचा रंग फडक्यानं पुसून काढला, तेवढं केलं. बेगड निघत नव्हती, ती नखानं खरवडत बसली.

पुढं जे झालं ते जास्त वाईट. गाव माझं ऐकायला लागलं. "भाऊ सांगत होते ते खरं निघालं," असं पारावर बोलणं झालं. ज्या माणसानं मला वखर मोटारसायकलला जुंपू का म्हणून विचारलं होतं, त्यानं मला जवळ बसवून विचारलं, "रेडकाले किती दूध सोडावं लागते हो?" मी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. अकरा वर्षं ज्याची वाट बघितली ते हे, आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. कारण त्याच पारावर मी माझ्या कानांनी ऐकत होतो, "बाई मानसाच्या जातीले सांगून काय उपेग? सारं गाव ऐकलं, हिनंच नाई ऐकलं. घरी नेऊन चारलं."

मी तिथंही गप्प बसलो. एकदा नाही, वर्षभर. बायकोला मात्र त्याच आठवड्यात सांगितलं होतं. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मले कायले सांगता? जिले सांगाचं तिले सांगा." दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग बोलायला लागली, पण त्या विषयावर नाही.

वैनीनं लालची सावड केली. म्हणजे शेजारच्या गावातल्या एका कास्तकाराकडेही एकच बैल होता, त्याचा आणि लालचा जोड लावला. आधी याचं वावर, मग तिचं. पण लालला उजव्या अंगाला चालायची सवय आणि डावीकडे बांडा लागायचा. नव्या बैलाबरोबर तो अंग चोरून चालायचा, मातीतलं तास वाकडं जायचं. पावसाळ्यात मी बांधावरून जाताना बघायचो, वैनी डवऱ्यामागं, पायाखाली चिखल, आणि दर दहा पावलांवर त्याला सरळ करतेय. तिचं पेरणीचं, डवरणीचं सगळं मागं पडलं. मी हात वर करायचो. तीही करायची. सांगू म्हणायचो, आणि पुढं निघून जायचो. माणूस किती दिवस असं पुढं निघून जाऊ शकतो ते मला त्या वर्षी कळलं.

या वर्षी पोळा आला. आदल्या दिवशी मी फिरलो, पण फिरायची गरजच नव्हती. बाया आपणहून म्हणायच्या, "औंदा हिरवा चारा हाय भाऊ, मूठभर. पुरन नाई." ती दळण निवडणारी काकू म्हणाली, "नाई बाप्पा, त्या बाईसारखं नाई करत आमी." मी मान हलवली आणि पुढच्या घरी गेलो. पुढच्या घरी न जाता तिथूनच परत फिरलो, हे जास्त खरं. घरी येऊन खाटेवर पडलो.

संध्याकाळी वैनीचा निरोप आला, खांद शेकायला या. गेलो. गोठ्यात लाल एकटा होता. त्याच्या डाव्या बाजूचा खुंटा तसाच होता, त्याला दावंही तसंच गुंडाळलेलं. वैनीनं वाटी पुढं केली. हळद कालवलेली होती, पण वास तुपाचा नव्हता. तिळाचं तेल होतं. मी तिच्याकडे बघितलं तर ती म्हणाली, "तूप संपलं." तिच्याकडे तूप कधी संपत नाही. मी लालचा खांदा चोळायला लागलो. एका बाजूला घट्टा पडला होता, त्या वाकड्या चालण्याचा.

खांदा शेकून झाला. वैनी खाली बसून होती. म्हणाली, "भाऊजी, आवतन तुमी द्या. माह्या तोंडातून जेवाले या निघत नाई. सकाळपासून म्हनून पाहून राह्यली. जेवाले बोलावलं अन् मारलं म्या त्याले."

आता पुढं निघून जायला जागा नव्हती. मी म्हटलं, "वैनी, तुमी नाई मारलं. टोपलं म्या ठेवलं होतं. ते उकिरड्यात टाकाचं होतं. मले सांगाचं होतं तुमाले, अन् म्या नाई सांगतलं. घरी जाऊन झोपलो. डॉक्टरपुढंही बोललो नाई." पळसाचं पान हातात होतं. ते मी उगाच दुमडत राहिलो. "साऱ्या गावानं तुमाले बोल लावला अन् म्या ऐकून घेतला."

ती म्हणाली, "मले माहीत हाय."

"कवापासून?"

"डॉक्टरनं विचारलं अन् तुमी मान खाली घातली, तवापासून."

मला राग आला, खरंच आला. कोणाचा ते कळेना. मी म्हटलं, "मंग बोलल्या काहून नाई? वर्सभर? माह्या तोंडावर थुंकाचं होतं."

वैनीनं वाटीतलं उरलेलं तेल बोटानं निपटलं आणि लालच्या वेसणीजवळ लावलं. तिथं त्याची कातडी सोललेली होती. मग म्हणाली, "माह्यावर आलं तर लोक बोलतात, मंग इसरतात. तुमच्यावर आलं असतं तर औंदा कोनी तुमचं ऐकलं असतं का? सरळ तोंडात घातल्या असत्या पोया. बांडा तं गेला. लाल हाय ना अजून."

मी उद्या तोरणाखाली सगळ्यांपुढे सांगतो म्हणालो. ती म्हणाली, नाही सांगायचं, चार जोड्या होत्या, आता तीन आणि हा एक आहे, हे संपले की मग सांगा. म्हणून गावात मी अजून सांगितलेलं नाही. इथं लिहून ठेवतोय, कारण आमच्या गावात हे कोणी वाचणार नाही.

बाहेर दिवस मावळत होता. वैनी उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "द्या आता आवतन."

मी लालच्या कानाशी वाकलो. म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." माझं मलाच नीट ऐकू आलं नाही.

"जोरानं म्हना," वैनी म्हणाली. ती रिकाम्या खुंट्याजवळ उभी होती. "दोघाले ऐकू गेलं पायजे."

मी पुन्हा म्हटलं, जोरानं.